मधल्या खणातली भिंत

मधू, तू गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, "रडलीस का गं?" रडले. पण विचारणाऱ्याचं समाधान होईल इतकं नाही. शेजारच्या बाईंनी तर मला बाजूला घेऊन समजावलं, की दुःख असं आत कोंडून ठेवू नये, बीपी वाढतं. आता त्यांना कसं सांगू, की आत कोंडलेलं काही उरलंच नाही? जे होतं ते तू स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन फोडलंस. मला हलकं वाटतंय, मधू. सख्ख्यापेक्षा जवळचा चुलतभाऊ गेल्यावर हलकं वाटतं, असं चारचौघांत बोलायची सोय नाही. म्हणून तुलाच लिहिते. तू काही मला नावं ठेवणार नाहीस, आणि ठेवलीस तरी ती मला ऐकू येणार नाहीत.

शहागंजच्या मागच्या गल्लीतली आपली हवेली बघायला हल्ली माणसं येतात. कॉलेजातली पोरं फोटो काढतात, दरवाजावरची नक्षी, चौकातला हौद. माडीवर मात्र त्यांना तू कधी जाऊ दिलं नाहीस. माडीवर पोरांची खोली होती. घरातल्या प्रत्येक खोलीला कुणीतरी मालक होता, बाबांची बैठक, काकांची कचेरी, काकूंची देवखोली. या एका खोलीला नव्हता. तुम्ही भावंडं, आम्ही भावंडं, सगळी एका रांगेत गाद्या टाकून झोपायची, आणि सकाळी कोण कुणाच्या पांघरुणात आहे याचा हिशेब कुणी करत नसे. भिंतीत कोनाडे होते, प्रत्येकाचा एक. माझ्यात फुटलेल्या बांगड्या, तुझ्यात गोट्या आणि आगपेटीत पाळलेला एक भुंगा. तो मेला तेव्हा तू जेवला नव्हतास. मधल्या दोन तुळयांना झोक्याची एकेक कडी होती, आणि समोर गल्लीवर उघडणारी ती मोठी खिडकी, रंगीत काचांची. सकाळचं ऊन तिच्यातून आलं की तुझं नाक हिरवं व्हायचं आणि मी हसत सुटायचे.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तू जेमतेम बोलायला लागला होतास आणि मी रांगत होते. त्यातलं आपल्याला काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. इनामं गेली, कुळकायद्यात जमिनी गेल्या, गड्यांची ये-जा कमी झाली, आणि एवढ्या मोठ्या घरात दोन भाऊ एकमेकांना पाठ करून बसायला लागले. मग एक दिवस पंच आले आणि खण मोजत घरभर फिरले. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, हे मला कुठलं ठाऊक? मी दारामागून ऐकलं, "खण वाटायचेत," आणि धावत जाऊन आईला विचारलं, मला पोलक्यासाठी हिरवा मिळेल का? आई पदरात तोंड लपवून रडायला लागली. मला वाटलं, हिरवा संपला असेल. हा किस्सा तू जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितलास. माझ्या नातजावयालासुद्धा सांगितलास. तेव्हा मी चिडायचे. आता कुणी सांगणारा उरला नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

पोरांची खोली तीन खणांची होती. एक खण तुम्हांला, एक आम्हांला. मधल्याचं काय करायचं? पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, राहू द्या पोरांना. त्यावर तुझे बाबा आणि माझे बाबा एकदम म्हणाले, "नाही." वाटणीच्या सगळ्या बैठकांमध्ये त्या दोघांचं एकमत तेवढं याच एका गोष्टीवर झालं. मग मधल्या खणाच्या बरोब्बर मधोमध अर्ध्या विटेची भिंत उभी राहिली. दार तुमच्याकडे गेलं, खिडकी आमच्याकडे आली. तुमच्या बाजूला अंधार, आमच्या बाजूला आत शिरायला मागच्या गॅलरीतून फोडलेलं एक वेडंवाकडं भोक. झोक्याची एक कडी तिकडे, एक इकडे. एका कडीवर झोका कसा बांधायचा, हे ना तुझ्या बाबांनी सांगितलं ना माझ्या.

तेव्हापासून आपल्या दोन्ही घरांत एक शब्द आला, 'तिकडचे'. तिकडच्यांकडं पाहुणे आलेत. तिकडच्यांनी नळ सोडला. आम्ही तुमचे तिकडचे, तुम्ही आमचे तिकडचे. आई मरेपर्यंत तुझ्या आईला नावानं बोलली नाही. आजारात पेज मात्र रोज पाठवायची, "तिकडं देऊन ये" म्हणून. पेज घेऊन मी जायचे. तू दार उघडायचास आणि म्हणायचास, "तिकडची आली."

पुढं आमची लग्नं, नोकऱ्या झाल्या, मी पुंडलिकनगरात राहायला गेले, आमच्या बाजूला माझ्या धाकट्या भावानं, श्रीधरनं, कुलूप घातलं. हवेलीत तू आणि सुधावहिनी तेवढे राहिलात. तुझा रवी पुण्याला घेऊन जायला तयार होता, पण तू कसला हलतोस. म्हणायचास, "शहागंजात चहावाला मला मामू म्हणतो. पुण्यात मला कोण काय म्हणंल?" दमा वाढला, तरी माडीवरच झोपायचास, त्या अंधाऱ्या दीड खणात. सुधावहिनी ओरडून थकल्या.

मग तो फोन आला. मी दुपारी जरा आडवी झाले होते.

"शैले, तुमच्या बाजूला वीट पडली असंल बघ. उचलून ठेव."

"कसली वीट?"

"भिंतीची. काढू राह्यलो मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला नाय. विचारलं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मंग काहून विचारू?"

अशी पेटले मी. रिक्षा केली, वाटेत श्रीधरकडून किल्ली घेतली, त्याला धड काही सांगितलंही नाही, आणि मागच्या गॅलरीतून आत शिरले. धुरळा. तुझी वीट आईच्या जुन्या हंड्यावर पडून हंड्याला पोचा आला होता. भिंतीत ताटाएवढं भगदाड, आणि त्या भगदाडात तुझं तोंड. केसांत चुना, कपाळावर घाम, छातीचा भाता चाललेला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या खिडकीतून एक झुळूक आली आणि तुझ्यापर्यंत गेली. तू डोळे मिटून घेतलेस. म्हणालास, "हवा आली बघ."

माझा राग तिथंच कुठंतरी सांडला. पण तुला तो कळू दिला नाही मी. हंड्याबद्दल चांगली खडसावली.

नंतर तू पायरीवर बसून सांगितलंस ते मी विसरणार नाही. डॉक्टरांनी रवीला जे सांगितलं होतं ते तुला दाराआडून कळलं होतं. तुला दवाखान्याची भीती नव्हती, मरणाचीही फारशी दिसली नाही. तू म्हणालास, "मला ती खोली एकदा पुरी बघायचीय, शैले. होती तशी. तिच्यात पोरं झोपलेली. मंग काय व्हायचं ते होऊ दे." एवढंच होतं तुझं मागणं. आणि तेवढंसुद्धा होईल की नाही, याची मला खात्री नव्हती. कारण आमच्या बाजूचा अर्धा मालक श्रीधर होता.

श्रीधर म्हणजे आमचं शेंडेफळ. त्याला कळलं तसा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाबांनी मोजून घेतलेला खण आहे तो. आज भिंत काढली, उद्या तो रवी सगळंच विकून मोकळा होईल." वकिलाची नोटीस पाठवतो म्हणाला. फोन उचलेना. मी त्याच्या घरी जाऊन बसले, तर बायकोच्या हातून चहा पाठवला आणि स्वतः आतल्या खोलीत टीव्ही मोठा केला. तुझं काम बंद पडलं. भगदाड तसंच राहिलं. तू मात्र त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचास, हवेला. सुधावहिनी मला फोनवर म्हणाल्या, "बसतात आणि वाट बघतात. कशाची ते सांगत नाहीत." मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती. वाटायचं, हा माणूस त्या भोकासमोर बसूनच जाईल.

शेवटी श्रीधर आला. समेटाला नाही, पंचनामा करायला. खिशात टेप घेऊन. मी माडीवर तुझ्याजवळच होते. तू वरून हाक मारलीस, "माडीवर ये रे. आपल्या दारानं ये." तो जिना चढला आणि त्या जुन्या दारातून आत शिरला. आणि तिथंच थांबला. समोर भगदाडातून पलीकडची खिडकी दिसत होती, तिच्या काचांचा रंग तुमच्या बाजूच्या फरशीवर पडला होता.

"एवढी मोठी होती?" तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रीधर भिंतीनंतर जन्मला. त्यानं ही खोली कधी पाहिलीच नव्हती. आपण दोघं जन्मभर त्याच्यासमोर भुंगा, झोका, गाद्या, हिरवं नाक, यावर हसत आलो, आणि तो बाजूला बसून ऐकत आला. तूच विचारलंस त्याला, नेहमीसारखं टोचून नाही, हळूच, "तुला भिंत काहून पाहिजे रे?"

तो म्हणाला, "तुम्हां दोघांना खोली मिळाली, मधुदादा. मला नुसती वाटणी मिळाली. तीबी तुम्ही काढून घ्यायले."

 मग तू उठलास, हातोडा त्याच्या हातात दिलास आणि म्हणालास, "मंग आता खोली घे." आणि बाजूच्या जुन्या भिंतीतल्या तुझ्या कोनाड्याकडं बोट दाखवून, "आणि ह्यो तुझा. माझा भुंगा मेलाय कधीचा."

मी तुझ्याबद्दल बऱ्याच गोष्टी कुणाकुणाला सांगितल्या आहेत, चांगल्या कमी. पण त्या दिवशी तू जे केलंस, ते मला नसतं सुचलं. मी त्याला समजावत बसले असते.

त्यानंतर श्रीधरचा उत्साह आवरता आवरेना. टेप आणली होतीच. तो रोज सकाळी डबा घेऊन हजर. सलीमभाई गवंडी आले, त्यांच्या डोक्यावर श्रीधर, आणि खुर्चीतून दोघांच्या डोक्यावर तू. "चुना भिजू दे रे, सिमेंट नक्को लावू, भिंत श्वास घ्यायली पाहिजे." दमेकरी माणूस भिंतीच्या श्वासाची काळजी करत होता. तुळयांना तेल दिलं, खिडकीच्या फुटक्या काचा गुलमंडीतून जुळवून आणल्या, गॅलरीतलं ते वेडंवाकडं भोक बुजवलं. एक दिवस सलीमभाई मोठ्या कौतुकानं म्हणाले, "आपा, इधर एक गड्ढा था, मैं बुझा दिया. एकदम चिकना." बघते तर तुझा कोनाडा. म्हणजे आता श्रीधरचा. श्रीधरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू खुर्चीत हसून हसून खोकायला लागलास, "अरे वो गड्ढा नहीं था बाबा, बच्चे का घर था!" पुन्हा उकरला तो. कडा थोड्या वाकड्या आल्या, पण श्रीधरला त्याच आवडल्या.

रंगावरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणायचास, खोली अंगुरी होती. मी म्हणते, मोतिया. तुला सगळं हिरवं दिसायचं ते काचेमुळं. आपण दोघं आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही. शेवटी ज्यानं खोली पाहिलीच नव्हती त्यानं रंग ठरवला. श्रीधर अस्मानी घेऊन आला आणि म्हणाला, "तुमची तुमच्याजवळ. माझी अस्मानी होती."  पण मधू, मोतियाच होती. तू नाहीस म्हणून मी काही माघार घेणार नाही.

भिंत पुरी निघाली तेव्हा खालची फरशी दिसली. भिंत बांधताना कुणी ती काढली नव्हती, तिच्यावरच बांधली होती. तेवढा एक पट्टा नवाकोरा राहिला होता, बाकी सगळी फरशी आपल्या पावलांनी झिजून मळकी. श्रीधर म्हणाला, घासून एकसारखी करू. मी म्हणाले, राहू दे, काय झालं होतं ते कळायला नको का पोरांना? तू दोघांनाही गप्प केलंस. "काही करू नका. पोरं नाचतील तशी मळंल."

दिवाळीला सगळे आले. पुण्याहून रवीची पोरं, माझी नातवंडं, श्रीधरची पोरगी तिच्या लेकराला घेऊन. झोका बांधला तेव्हा पहिल्यांदा कोण बसणार यावर रडारड झाली, आणि श्रीधरनं नातवंडांना बाजूला सारून स्वतः एक झोका घेतला. कडी कुरकुरली. सुधावहिनी खालून ओरडल्या, "तिकडं काय पडलं?" आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. तिकडं म्हणजे कुठं, हेच आता सांगता येत नव्हतं.

पोरं दुपारी फराळ करून तिथंच लोळली, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. तू दारात खुर्ची घेऊन बसला होतास. मी येऊन उभी राहिले, तर तू मला बोटानं गप्प केलंस.  मी तुझा चेहरा बघितला आणि समजले, की आता तुला कशाची घाई नाही. आणि मला जी भीती वाटत होती महिनोन्‌महिने, तुझ्या आधी तुझी इच्छा मरेल याची, ती गेली. त्या घटकेपासून मी हलकी आहे, मधू. तू गेल्यावर नाही झाले.

हिवाळा तू त्या खोलीतच काढलास. रवी दवाखान्यात नेऊ म्हणाला. तू एकदा गेलास, आणि बरं वाटताच परत आलास. म्हणालास, तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. गेलास तेव्हा दुपार होती. वहिनी पाणी आणायला खाली गेल्या होत्या. वर आल्या तेव्हा खिडकी उघडी होती आणि तू तिच्याकडं तोंड करून होतास. वहिनींनी मला एवढंच सांगितलं, "चेहरा त्रासलेला नव्हता हो." मी हे वाक्य दिवसातून कितीदा तरी मनात म्हणते.

एक राहिलं सांगायचं. तू मला न विचारता ती पहिली वीट काढलीस, त्याबद्दल मी तुला कधी बरं म्हणाले नाही. हंड्याचंच ऐकवत राहिले. तू विचारलं असतंस, तर मी विचार करू म्हणाले असते, श्रीधरला विचारू, वकिलाला विचारू, आणि तेवढ्यात तू गेला असतास. बरं केलंस. फार बरं केलंस.

दहाव्याला आम्ही कायगावला गेलो. गोदावरीला पाणी होतं. रवीनं पिंड ठेवला. तुला माहीत आहे, कावळा शिवेना की माणसं कशी एकेक पुढं होऊन वचनं देतात, पोरांकडं बघू, बायकोला अंतर देणार नाही. आम्हीही तयारीत होतो. श्रीधर तर गाडीत सगळी वाट ओठ हलवत आला होता, पाठ करत. आणि तुझा कावळा! रवीचा हात मागं यायच्या आत झेपावला आणि घेऊन गेला. गुरुजी म्हणाले, "शिवला, शिवला," आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. वहिनी हसल्यासारख्या रडल्या. फक्त श्रीधर हात जोडून तसाच उभा, चेहरा पडलेला.

मग तो माझ्याजवळ येऊन वाळूत बसला. "एवढी काय घाई होती त्याला? मला बोलायचं होतं गं."

"काय बोलायचं होतं?"

"आता कुणाला सांगू?"

"मला सांग."

तो वाळू झटकून उठला. मग शाळेत उभं राहून म्हणतात तसं म्हणाला, "मधुदादा, माझा अर्धा खण मी मागणार नाही. माझी पोरगीबी मागणार नाही, मी बोललोय तिच्याशी. ती खोली पोरांची."

मी ऐकलं, मधू. तुला ते आधीच ठाऊक असणार, नाहीतर कावळ्याला जरा थांबवलं असतंस.